मुलाचा शब्द आणि घराची साक्ष



स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय निवडला तेव्हा एक-दोन स्नेह्यांना तो रुचला नाही. शाळेच्या व्यासपीठावर असे काही बोलू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु लहान मूल आपल्यावर झालेला अत्याचार सांगते ते आईला, आजीला, क्वचित वर्गातल्या बाईंना. मग याविषयी बोलावयाचे तरी कोठे?

जुन्या खटल्यांचे कागद वाचताना मला एक गोष्ट वारंवार आढळली आहे. मुलाने तोंड उघडले की पहिला संशय त्याच्यावरच येतो आणि पाठोपाठ त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या घरावर. ‘त्याला पढवले आहे’ हा आक्षेप फार जुना आहे.

मुंबईच्या रखमाबाईंचा खटला बालविवाहाचा म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मी तो आज एका घराची हकीकत म्हणून सांगणार आहे. १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागले. मुलगी वयात आली, आता तिला नवऱ्याच्या स्वाधीन करा, असा आग्रह सुरू झाला. तिचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी तो मानला नाही. ते स्वतः वैद्यकाचे जाणकार होते. कोवळ्या वयात शरीराचे काय होते हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. रखमाबाईंवर अत्याचार झाला नाही, कारण घराने तो होऊ दिला नाही. त्या आईजवळ राहिल्या, घरीच वाचू लागल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. पुढे आई जयंतीबाई आणि आजोबा हरिश्चंद्र यादवजी यांच्यावर सारा भार आला. त्याच वर्षी ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली. बालपणी जे बोलता आले नव्हते ते विशीत लिहिले गेले.

विरोधकांचे म्हणणे काय होते? मुलीचे स्वतःचे मन असे काही नाही, मालमत्तेच्या लोभाने घरच्यांनीच तिला अडवून धरले आहे. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. मात्र अपिलानंतर, मार्च १८८७ मध्ये, न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

आईवरचा हा संशय न्यायालयाच्या पातळीवर दूर व्हावयास बराच काळ लागला. डिसेंबर १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका खटल्याचा निकाल दिला. आठ वर्षांच्या मुलीने अत्याचारानंतर सुमारे चार तासांनी आईला सर्व सांगितले होते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मुलीने आईला लगेच सांगितलेले शब्द तिच्या साक्षीला पुष्टी देऊ शकतात. आणि केवळ आई आहे म्हणून तिची साक्ष टाकाऊ ठरत नाही. माझ्या मते मुलांच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे, जरी आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नाही.

त्या निकालाच्या वेळी आपले गलोंडे मात्र पोर्तुगीज अमलाखाली होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली मुक्त झाली, १९६१ मध्ये भारतात विलीन झाली, आणि भारतीय दंड संहिता येथे १ जुलै १९६५ पासून लागू झाली. आज सभेत बसलेल्या आजीआजोबांपैकी काहींचे बालपण त्यापूर्वीचे आहे.

२००७ मध्ये केंद्र सरकारने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. बहुतेकांनी त्यापूर्वी कोणाजवळही शब्द काढला नव्हता. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या पॉक्सो कायद्याने जबाब मुलाच्या घरी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने, आईवडिलांच्या किंवा मुलाच्या विश्वासातील व्यक्तीच्या समक्ष घ्यावा असे ठरवले. साक्षीसाठी मुलाला पुनःपुन्हा बोलावू नये, असेही त्यात आहे. ज्या घराकडे पूर्वी संशयाने पाहिले जाई, त्यालाच कायद्याने मुलाशेजारी जागा दिली.

पण कायदा जबाबापुरता येतो. उरलेले दिवस घराचेच असतात. गावात बोभाटा नको म्हणून मुलीला मामाकडे धाडणे, शाळा सोडवणे, घाईने लग्न उरकणे, हे आपण पाहिले आहे. असे झाले की सांगितल्याबद्दल शिक्षा आपल्यालाच झाली, असे मूल समजते. याउलट ज्या घरात ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, चूक तुझी नाही’ एवढे एकदा स्पष्ट म्हटले जाते, रोज तोच प्रश्न उकरून विचारला जात नाही, दप्तर, खेळ, भावंडांची भांडणे पूर्ववत चालू राहतात, तेथे मूल हळूहळू सावरते. रात्री दचकून उठणे महिनोन्महिने राहते. त्याला घाई चालत नाही. बापाचा संताप समजण्यासारखा असतो, पण मुलाला त्याचीही भीती वाटते.

रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे येथून फार दूर नसलेल्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्याचे कळले तेव्हा, ज्याच्या घरी कधी पाऊल टाकले नाही त्या नवऱ्यासाठी, त्या पांढरे पातळ नेसू लागल्या. का, हे मला अजून उलगडलेले नाही.