प्रिंटरच्या जागी बसलेलं कुलूप

पाटससारख्या पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावात लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, तुकोबांच्या पालखीच्या स्वागताचे फलक या सगळ्यांची अक्षरजुळणी डीटीपीच्या दुकानात होते. या धंद्यात एके काळी मराठी विकत घ्यायची म्हणजे सीडीच्या जोडीला एक लहानशी डबी घ्यायची. श्रीलिपी असो की सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम, ती डबी संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नसे. कुणी तिला डाँगल म्हणत, कुणी नुसतंच लॉक. तिचं मूळ शोधत मागे गेलं की माग थेट कॅसेटपर्यंत पोचतो. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये कमोडोर पेट या संगणकासाठी वर्डक्राफ्ट नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम आला. त्याची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून राळेत बुजवलेला एक ठोकळा सोबत दिला जाई आणि तो बसे कॅसेट रेकॉर्डर जोडायच्या पोर्टमध्ये. प्रोग्रॅम फ्लॉपीवर आल्यामुळे कॅसेटची जागा मोकळी पडली असणार, असा माझा तर्क आहे. पुढे त्याच न्यायाने हे कुलूप प्रिंटरच्या पोर्टमध्ये गेलं आणि नंतर यूएसबीत. स्वतःचं घर त्याला कधीच नव्हतं. ते कायम पोटभाडेकरू राहिलं. त्याच्या सगळ्या इतिहासाचं मर्म मला इथेच दिसतं.

डाँगल या नावाबद्दल एक लोकप्रिय कथा आहे. अशी कुलपं बनवणाऱ्या रेनबो टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने १९९२ मध्ये एका जाहिरातीत सांगितलं, की डॉन गॉल नावाच्या संशोधकावरून हे नाव पडलं. कथा रंगतदार आहे, पण तारखांपुढे टिकत नाही. १९८२ मध्येच हा शब्द ब्रिटिश संगणक-नियतकालिकांत रुळलेला दिसतो, आणि तिथे या गॉलसाहेबांचा मागमूसही नाही. कारखान्यात किंवा दुकानात कुणीतरी सहज उच्चारलेला निरर्थक शब्द चिकटून राहिला, हेच मला पटतं. कुलूप विकणाऱ्याला मात्र वंशावळ हवी होती.

मराठीत हे कुलूप इतक्या निमूटपणे का स्वीकारलं गेलं? नेहमीचं उत्तर असं, की फ्लॉपीवरून नक्कल करणं सोपं होतं आणि कंपन्यांना बुडायची भीती होती. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. त्याआधी सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने ग्राहकाला एक सवय लावली होती. हे कार्ड संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी येई. म्हणजे मराठी ही संगणकात खोचायची वस्तू आहे, अशी समजूत आधीच होती आणि डाँगल त्या समजुतीवर आयता स्वार झाला. दोन्हींत फरक मात्र मोठा. जिस्टचा मजकूर इस्की या संकेतावर चाले. हा संकेत १९८८ मध्ये ठरला, १९९१ मध्ये भारतीय मानक झाला आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणीही त्यावरूनच आली. म्हणून तो मजकूर आजही उलगडता येतो. विंडोजला मात्र सुरुवातीला देवनागरी येत नव्हती. तिथे कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले, आणि तेही ज्याने त्याने आपापल्या क्रमाने. त्यामुळे जुन्या फाइलचा फॉन्ट हरवला की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. प्रोग्रॅमला लावलेलं कुलूप असं दुकानदाराच्या स्वतःच्या मजकुरालाही लागलं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कुलूप नसतं तर मराठीच्या छोट्या बाजारात हे फॉन्ट बनवणारा तगलाच नसता. मला तो मान्य आहे. पण मग कुलपाचं आयुष्य विकलेल्या मालाइतकं तरी हवं होतं. नव्या संगणकांवरून प्रिंटरचं जुनं पोर्ट गेलं. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, जुने ड्रायव्हरही ती स्वीकारत नाही. ज्या पेजमेकरमध्ये पानं लावली, त्याची शेवटची आवृत्ती २००१ मधली. पैसे पूर्ण भरलेला माणूस आपल्याच मालाबाहेर उभा राहिला. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून बचाव म्हणून जादा प्रत काढू देतं. पण प्रत काढूनही डबीवाचून ती चालत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-अ असं कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी तोडणाऱ्याला त्यातून सूट आहे, पण अवजार कुणी द्यायचं हे कायदा सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा, की फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आता मिळतात. मिळतात खरे, पण अक्षराआधी टंकलेली पहिली वेलांटी आणि अक्षरानंतर टंकलेला रफार योग्य जागी नेताना त्यांची गफलत होते. आडनावांत अशी एक चूकही महागात पडते. अहवाल पुन्हा वाचून तपासावाच लागतो. यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक कंपनीने आपल्या जुन्या फॉन्टचा तक्ता, कुठल्या अंकावर कुठला तुकडा आहे याचा, जाहीर करावा. त्यासाठी फॉन्ट फुकट द्यावा लागत नाही, आणि प्रोग्रॅमचं कुलूपही जागेवर राहतं.