मासेबंदी आणि एक फादर

कोल्लमजवळ नींडकरा नावाचं मासेमारी बंदर आहे. दरवर्षी ९ जूनच्या मध्यरात्री तिथल्या पुलाच्या खांबांमध्ये साखळी लावतात. अष्टमुडीच्या खाडीतून समुद्रात जायची वाट त्या पुलाखालूनच जाते. साखळी लागली की ट्रॉलर आत अडकले, ते ३१ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत. बावन्न दिवस.

मी त्रिवेंद्रमला टेक्नोपार्कमध्ये नोकरीला होतो तेव्हा टीममधल्या एकाबरोबर एकदा त्याच्या गावी गेलो होतो. गाव नींडकराला लागूनच, शक्तिकुळंगरा. घरचे लॅटिन कॅथलिक, काकांचे दोन ट्रॉलर. पुलावरून जाताना तो हसत म्हणाला, "ही साखळी एका फादरनं लावली. आमच्या घरात त्याचं नाव काढायचं नाही."

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी हे दुसऱ्या एकाला सांगितलं. हा पून्तुराचा, त्रिवेंद्रमच्या दक्षिणेच्या कोळीवाड्यातला. तोही लॅटिन कॅथलिक. तो म्हणाला, "आमच्या घरी त्याच फादरचा फोटो आहे. येशूच्या तसबिरीशेजारी."

दोघंही दर रविवारी न चुकता मासला जाणारे. मी मालवणचा. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला, नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ आणि मग नवी सुरुवात, हे मला लहानपणापासून पंचांगासारखं वाटत आलंय. त्या मासेबंदीसाठी कुणी उपाशी बसलं असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. मग वाचायला लागलो.

सुरुवात करावी लागते थेट १५४४ पासून. त्या वर्षाच्या अखेरीस सेंट फ्रान्सिस झेवियर (होय, जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे तेच) त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून चालत गेले आणि एका महिन्यात दहा हजारांवर कोळ्यांना बाप्तिस्मा दिला, असं त्यांनी स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय. तेव्हापासून हा सगळा किनारा चर्चचा. म्हणजे अगदी शब्दशः. गावचा न्यायनिवाडा चर्चच्या पायरीवर, आणि पकडलेल्या मासळीतला एक हिस्सा चर्चला. तो वसूल करायचा हक्क लिलावात ठेकेदाराला दिला जाई, त्याला म्हणत कुत्तका. कोळ्याच्या मासळीवर आधी सावकार-दलालाचा हात, मग चर्चच्या ठेकेदाराचा. चर्च गरिबांच्या बाजूने उभं राहिलं वगैरे आपण सहज लिहून जातो, पण या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या चर्च हेच एक वसुलीखातं होतं. हे आधी सांगितलं नाही तर पुढची गोष्ट फारच गोडगोड होईल.

आता १९५२. स्वतंत्र भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला. नॉर्वेची ही पहिलीच परदेशी विकासमदत, आणि जागा ठरली शक्तिकुळंगरा-नींडकरा. हेतू चांगलाच होता. छोट्या कोळ्यांना इंजिनाच्या बोटी द्यायच्या, बर्फाचा कारखाना, दवाखाना, नळाचं पाणी, आणि मासळी स्थानिकांच्या ताटात जास्त पडावी. पण युजर आपलं फीचर कशासाठी वापरेल हे डिझाईन करणाऱ्याला कधी कळलंय का? त्याच सुमाराला गोठवलेली कोलंबी अमेरिकेला जायला लागली आणि तिला सोन्याचा भाव आला. साठच्या दशकात त्या बोटींना मागे ट्रॉलचं जाळं लागलं. हे जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. कोलंबी तळाशी असते, म्हणून. पण तळाशी बाकीही बरंच काही असतं, पिल्लं, अंडी, अजून मासा न झालेलं काहीबाही. ते सगळं वर येतं आणि बरंचसं पुन्हा पाण्यात फेकलं जातं, मेलेलं.

नींडकराला ही कोलंबी नेमकी भर पावसात मिळते. जून ते ऑगस्ट म्हणजे ट्रॉलरवाल्यांचा सीझन. आणि पारंपरिक कोळी म्हणतात की याच दिवसांत कितीतरी मासे अंडी घालतात. भांडणाचं मूळ एवढंच. तीन महिन्यांचं.

शक्तिकुळंगराचे काही लोक या कोलंबीवर खरंच वर आले. पक्की घरं, शिकलेली मुलं. त्यातलाच एक माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसायचा. त्याच्या काकांना खलनायक करणं मला जमत नाही. ते कुणी बाहेरचे भांडवलदार नव्हते, एका पिढीपूर्वीचे कोळीच होते. बाहेरून पैसा लावणारे व्यापारी नंतर आले आणि बोटींची संख्या भरमसाट वाढली, हेही खरं.

इकडे त्रिवेंद्रमच्या उत्तरेला, टेक्नोपार्कपासून जवळच, मरियनाड नावाचं गाव आहे. १९६० च्या आसपास बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या पुढाकाराने दाटीच्या कोळीवाड्यांतली भूमिहीन कुटुंबं तिथे वसवली गेली. कार्यकर्ते आले, काही चर्चचे, काही चर्चशी संबंध नसलेले. वर्षानुवर्षं किनाऱ्यावर पाहून त्यांना एक साधी गोष्ट कळली. कोळी गरीब आहे तो मासे कमी मिळतात म्हणून नाही, भाव दुसराच ठरवतो म्हणून. मग सहकारी संस्था निघाली. मासळीचा लिलाव संस्था करणार, त्यातून बचत आणि कर्जफेड परस्पर कापली जाणार, सावकार मध्ये नाही. व्यापाऱ्यांनी बहिष्कार टाकून पाहिला. संस्था टिकली, आणि अशा संस्थांचा १९८० मध्ये दक्षिण भारतभरचा महासंघही झाला. (आपल्याकडच्या दूध संघांची आठवण येते ना? मलाही आली.)

दरम्यान रोममध्ये १९६२ ते १९६५ व्हॅटिकनची दुसरी परिषद होऊन गेली होती. लॅटिन अमेरिकेतले पाद्री जमीनदारांविरुद्ध उभे राहत होते. केरळातल्या तरुण पाद्री आणि नन्सच्या हातात ही पुस्तकं पडत होती. त्यातले एक थॉमस कोचेरी. जन्म १९४०, चंगनाश्शेरीचे, रिडेम्प्टरिस्ट संघाचे पाद्री. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत काम करून आले आणि पुढे पून्तुराच्या कोळ्यांमध्ये राहायला गेले. माझ्या मित्राच्या घरातला फोटो यांचाच.

पण पहिली ठिणगी केरळात नाही, गोव्यात पडली. रापण आपल्याला माहीत आहे, किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं जाळं. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत यायला लागले आणि रापणीत मासा येईना. गोव्याचे रापणकार माथानी साल्ढाणा या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. किनाऱ्याजवळचा पट्टा आमच्यासाठी राखून ठेवा, ही मागणी. १९७८ मध्ये चेन्नईत वेगवेगळ्या राज्यांतल्या संघटना एकत्र आल्या आणि राष्ट्रीय पातळीवरचा मच्छीमारांचा मंच तयार झाला. १९८० मध्ये गोवा आणि केरळ दोन्हीकडे सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले.

कायदा झाला, पण पावसाळी बंदीवर केरळ सरकारचा पाय ठरेना. नींडकरा म्हणजे परकीय चलन. १९८१ मध्ये कोचेरी उपोषणाला बसले. सरकारने समिती नेमली. समितीत एकमत झालं नाही, पुरेसा डेटा नाही म्हणे. १९८४ मध्ये पुन्हा आंदोलन, यावेळी कोळिक्कोडला सिस्टर अॅलिस उपोषणाला बसल्या. पांढऱ्या झग्यातल्या नन्स मूठ उगारून घोषणा देताहेत, रेल्वे रोखताहेत, हे केरळने पहिल्यांदा पाहिलं. बिशप मंडळींना हे मुळीच रुचलं नाही. उघड आहे. एकाच धर्मपीठाखाली ट्रॉलरवाले आणि वल्हेवाले दोघंही येत होते, दोघांची लग्नं-मर्तिकं तीच माणसं लावणार. पाद्र्याने राजकारण करू नये, हा सल्ला अशा वेळी फार सोयीचा असतो. शिवाय डाव्या पक्षांना आपली युनियन हवी होती, त्यांना पाद्र्यांची युनियन नको होती. म्हणजे चर्चला हे कम्युनिस्ट वाटत होते आणि कम्युनिस्टांना चर्चचे हस्तक.

बायकांचं वेगळंच. मासळी विकायला शहरात जायचं तर बसमध्ये पाटी घेऊन चढू देत नव्हते, वास येतो म्हणून. पाट्या डोक्यावर घेऊन कित्येक मैल चालत जायच्या. त्या सरकारशी भांडल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी खास बस सुरू झाल्या. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला हा सगळ्यात निखळ विजय. समुद्रातल्या माशांची मोजणी वादग्रस्त असते, बस मात्र आली की आली.

१९८४ नंतर दुसरी समिती, कलावार यांची. तिने ट्रॉलरची संख्या कमी करा असं सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. मग तिसरी, बालकृष्णन नायर या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांची. त्यांनी पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करून पाहा असं सुचवलं आणि १९८८ पासून बंदी सुरू झाली. सुरुवातीला तारखा वर्षावर्षाला बदलायच्या, सवलती मिळायच्या. ट्रॉलरवाले कोर्टात गेले. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पारंपरिक मच्छीमारांचं संरक्षण करायचा सरकारचा अधिकार मान्य केला. आज पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडेच पावसाळी बंदी आहे.

बंदीच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८९ मध्ये, पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवरून मच्छीमारांच्या यात्रा निघाल्या. पाणी वाचवा, जीवन वाचवा, ही घोषणा. १ मे रोजी त्या कन्याकुमारीला एकत्र आल्या. तिथे पोलिसांनी गोळीबार केला, माणसं जखमी झाली. समुद्रातल्या मासळीचा प्रश्न घेऊन निघालेले लोक आता कारखान्यांचं सांडपाणी, खारफुटी, अणुप्रकल्प यांबद्दल बोलत होते. पर्यावरण हा शब्द त्यांच्याकडे पुस्तकातून आला नाही, जाळं रिकामं आलं तेव्हा आला. पोप फ्रान्सिस यांचं निसर्गावरचं परिपत्रक, 'लाउदातो सी', २०१५ चं. म्हणजे त्याच्या सव्वीस वर्षं आधीची ही गोष्ट.

पुढची काही वर्षं कोचेरी यांनी परदेशी जहाजांना खोल समुद्रात परवाने देण्याच्या धोरणाविरुद्ध देशभर बंद घडवून आणले, तेही धोरण सरकारला मागे घ्यावं लागलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्यू संस्थेचा दीड लाख डॉलरचा पुरस्कार त्यांनी नाकारला, कारण त्यामागचा पैसा तेल कंपनीचा. त्याच वर्षी सोफी पुरस्कार मात्र घेतला. तो कुठला? नॉर्वेचा! ज्या देशाने नींडकराला इंजिनाच्या बोटी आणल्या, त्याच देशाचा. फादरनी स्टेजवर हसून घेतलं असेल अशी माझी आपली कल्पना.

आता अवघड भाग. ऐंशीच्याच दशकात वल्हेवाल्यांनीही बोटींना आउटबोर्ड इंजिनं लावली. मग रिंग-सीन नावाची प्रचंड जाळी आली, दर काही वर्षांनी आणखी मोठी. ट्रॉलर बंद असतानाच्या पावसाळ्यात हीच जाळी चालतात, कारण केरळात बंदी ट्रॉलरला आहे, पारंपरिक बोटींना नाही. शक्तिकुळंगराचा मित्र हे बोट नाचवून सांगायचा. "आता लहान मासा कोण पकडतंय? फादरला विचार." त्याचं पूर्ण चूक नव्हतं. पून्तुराचा यावर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "इंजिनाचं कर्ज फेडायचं असतं रे." यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालवणात पर्ससीनवरून आमच्या घरात जेवताना जे वाद होतात तेही याच वळणाने जातात.

कोचेरी ३ मे २०१४ रोजी गेले. त्यानंतर आठ वर्षांनी त्याच किनाऱ्यावर, विळिंजमला, अदानींच्या बंदराविरुद्ध आंदोलन उभं राहिलं आणि या वेळी बिशप मागे नव्हते, पुढे होते. त्रिवेंद्रमच्या लॅटिन आर्चडायोसिसने १६ ऑगस्ट २०२२ पासून बंदराच्या गेटसमोर धरणं धरलं. बंदराच्या लांबलचक बांधामुळे आमचा किनारा खचतोय, घरं जाताहेत, असं त्यांचं म्हणणं. सरकारला ते मान्य नव्हतं. घरं गेलेली कुटुंबं तेव्हा सिमेंटच्या गोदामात राहत होती, हे मात्र कुणीही जाऊन बघू शकत होतं. गावातलेच काही लोक बंदराच्या बाजूने होते. नोव्हेंबरच्या शेवटी हिंसाचार झाला, पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, आर्चबिशपांवर गुन्हा दाखल झाला. ६ डिसेंबरला आंदोलन मागे घेतलं, बांधकाम थांबवण्याची मुख्य मागणी पदरात न पडता. २ मे २०२५ रोजी बंदराचं उद्घाटन झालं.

मी तेव्हा पुण्यात होतो. पून्तुराच्या मित्राला मेसेज टाकला. त्याने एक फोटो पाठवला. त्याच्या आईच्या घराच्या ओट्यावरून काढलेला, मागे क्षितिजावर एक भलंमोठं कंटेनर जहाज, पुढे किनाऱ्यावर टाकलेले काळे दगड. खाली लिहिलं होतं, "आधी इथून पाण्यापर्यंत जायला पाच मिनिटं लागायची."

शक्तिकुळंगरावाला हल्ली लॉजिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. काकांनी एक ट्रॉलर विकला. दुसरा अजून आहे, ३१ जुलैला रात्री साखळी निघायची वाट बघत तो इतरांबरोबर पुलापाशी उभा असतो.