बुरशी काढताना घरातली हवा कशी सांभाळाल?

पावसाळा संपला की घरोघरी भिंती खरवडून रंगकाम सुरू होतं. पण ओल आलेल्या भिंतीवरचे काळे-हिरवे डाग बहुतेक वेळा बुरशीचे असतात. ती कोरडीच खरवडली की तिचे बीजाणू हवेत उडतात. बरेचसे बीजाणू 2 ते 10 मायक्रॉनचे, म्हणजे सुटे दिसतच नाहीत. पंखा चालू असेल तर एका खोलीतली बुरशी घरभर जाते. दमा असलेलं मूल किंवा घरातले बुजुर्ग यांना त्याचा त्रास आधी होतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्ल्यानुसार साधारण 10 चौरस फुटांपर्यंतची बुरशी बहुधा घरच्या घरी साफ करता येते. त्याहून जास्त असेल तर पुढील गोष्टी लागतात.

खोली बंद करणे : पंखा, एसी बंद ठेवून दारं आणि हवेची तोंडं 6 मिल, म्हणजे सुमारे 0.15 मिमी जाडीच्या प्लॅस्टिकने व टेपने बंद करतात. बुरशी 100 चौरस फुटांपेक्षा जास्त असल्यास दुहेरी प्लॅस्टिक लावतात आणि ये-जा करण्यासाठी मध्ये छोटी बंदिस्त जागा ठेवतात.

हवेचा दाब कमी ठेवणे : हेपा फिल्टरचं यंत्र खोलीतली हवा गाळून नळीने घराबाहेर सोडतं. आतला दाब कमी झाल्याने फटींतून हवा आत येते, बाहेर जात नाही. याची खूण सोपी आहे. दारावरचं प्लॅस्टिक आत ओढलेलं दिसलं पाहिजे. ते घराच्या बाजूला फुगलं तर काम थांबवायला सांगा.

हेपा फिल्टर : हा 0.3 मायक्रॉनचे किमान 99.97 टक्के कण अडवतो. साधा व्हॅक्यूम क्लीनर मात्र बारीक कण परत हवेत सोडतो. घरातला एअर प्युरिफायर हवा गाळतो, पण दाब कमी करत नाही. म्हणून तो या यंत्राची जागा घेऊ शकत नाही.

भिंत खरवडण्याआधी हलकी ओली करावी. निघालेला कचरा खोलीतच पिशवीत घट्ट बांधून मग बाहेर न्यावा. प्लॅस्टिक उतरवण्याआधी खोली हेपा व्हॅक्यूमने साफ झाली पाहिजे. काम करणाऱ्या मजुरालाही एन-95 मास्क, चष्मा आणि हातमोजे द्या. त्याच्या सेहतची जिम्मेदारी आपलीही आहे.

आणि सगळ्यात आधी गळती बंद करा. ओल कायम राहिली तर बुरशी पुन्हा येणारच. भिजलेली जागा 24 ते 48 तासांत सुकवली तर ती बहुधा धरत नाही.