एग बेटाची वीजव्यवस्था : भूमिहक्कापासून ऊर्जास्वावलंबनापर्यंत

प्रस्तावना

विजेचा इतिहास बहुधा संशोधक, यंत्रे आणि मोठ्या कंपन्या यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. वीज वापरणारा समाज त्यात केवळ ग्राहक म्हणून येतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटरवर असलेल्या एग या लहानशा बेटाचा अनुभव याहून निराळा आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी तेथे पाणी, वारा आणि सूर्यप्रकाश यांवर चालणारी, रहिवाशांच्या मालकीची वीजव्यवस्था सुरू झाली. ही घटना तांत्रिक असली तरी तिची मुळे जमिनीच्या मालकीत आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावून लावण्यात आले. एगवरील ग्रुलिन येथील कुटुंबांवर १८५३ मध्ये हीच वेळ आली. विसाव्या शतकातही संपूर्ण बेट खाजगी मालकीचे होते आणि ते एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकले जात असे. बहुतेक रहिवाशांना राहत्या घराची दीर्घ मुदतीची शाश्वती नव्हती. जेथे घरच आपले नाही, तेथे पुढील वीस वर्षांचा विचार करून गुंतवणूक कोण करणार?

१२ जून १९९७ रोजी हे चित्र पालटले. सुमारे १५ लाख पौंडांस बेट खरेदी करण्यात आले. रहिवाशांची संघटना, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांच्या संयुक्त न्यासाकडे मालकी आली. या रकमेचा मोठा भाग लोकांच्या देणग्यांतून उभा राहिला होता. त्या वेळी बेटावर जेमतेम ६५ माणसे राहत होती.

वीजव्यवस्थेची रचना

तोपर्यंत बहुतेक घरे स्वतःच्या डिझेल जनित्रावर अवलंबून होती. इंधन बोटीने आणावे लागे आणि वीज काही तासांपुरतीच मिळे. मुख्य भूमीवरून समुद्राखालून केबल आणणे खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्राय होते. म्हणून बेटावरच वीज निर्माण करण्याचा निर्णय झाला.

या योजनेत सुमारे १०० किलोवॉटचा मुख्य जलविद्युत संच, दोन लहान जलविद्युत संच, प्रत्येकी ६ किलोवॉटच्या चार पवनचक्क्या आणि सौर पॅनेल यांचा समावेश होता. सौरक्षमता पुढे वाढविण्यात आली. जमिनीखालून टाकलेल्या केबलने घरे जोडली गेली. बॅटरीसंच आणि आणीबाणीसाठी डिझेल जनित्रेही ठेवण्यात आली. हिवाळ्यात पाऊस व वारा मुबलक, तर उन्हाळ्यात दिवस मोठे. त्यामुळे हे स्रोत परस्परपूरक ठरतात. योजनेस १६ लाख पौंडांहून अधिक खर्च आला. त्याचा बराच भाग युरोपीय संघासह बाह्य निधीतून मिळाला आणि रहिवाशांनी जोडणी शुल्काच्या रूपाने आपला वाटा उचलला.

मर्यादेचे तत्त्व

या व्यवस्थेचा खरा विशेष यंत्रांत नसून वापराच्या नियमात आहे. कोणत्याही एका क्षणी घराने ५ किलोवॉट आणि व्यवसायाने १० किलोवॉटपेक्षा अधिक वीज घ्यायची नाही, असे ठरले. मर्यादा ओलांडली की त्या घराची वीज खंडित होते. लहान घर असो वा मोठे, मर्यादा तीच. परिणामी एकाच्या चैनीसाठी दुसऱ्याच्या घरात अंधार होत नाही. निर्मिती घटली की सर्वांना काटकसरीचे आवाहन केले जाते. अतिरिक्त वीज सार्वजनिक इमारती उबदार ठेवण्यासाठी वापरली जाते. बाहेरच्या कंपनीने असा नियम लादला असता, तर तो अन्यायच वाटला असता. स्वतः ठरविल्यामुळे तो शिस्त ठरला.

निष्कर्ष

हे यश निर्दोष नाही. भांडवल बाहेरून आले आणि डिझेलची गरज पूर्णपणे संपलेली नाही. तरीही बेटाची बहुतांश वीज नैसर्गिक स्रोतांतून मिळू लागली आणि लोकसंख्याही पुढे शंभरच्या वर गेली. मुंबईनजीकच्या घारापुरी बेटावर २०१८ मध्ये समुद्राखालील केबलने वीज पोहोचली. किनारा जवळ असल्याने तेथे तो मार्ग शक्य झाला. दूरच्या बेटांना तो नेहमीच खुला नसतो. अशा बेटांसाठी योजना आखताना यंत्राची क्षमता किती, या प्रश्नाआधी त्या यंत्राचे आणि त्याखालील जमिनीचे धनी कोण, हे विचारणे आवश्यक आहे. एगचा इतिहास हाच क्रम सुचवितो : आधी हक्क, मग वीज.