आवसेचा वाटा

आमच्या खारेपाटातली जुनी माणसं तारखा सांगत नसत, खुणा सांगत. माझ्या वडिलांचा जन्म कधीचा, असं आजीला विचारलं की ती म्हणायची, "चरीच्या संपातला." शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक तारीख घातली होती, पण ती खरी मानणारं घरात कुणी नव्हतं. चरीचा संप म्हणजे २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झालेला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली सहा वर्षं चाललेला शेतकऱ्यांचा संप. कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक टाकल्या, लाकडं फोडून विकली, खाडीत मिळेल ते धरून खाल्लं, पण नांगर धरला नाही. तेव्हा वडील पोटात होते की पाळण्यात, यावर आजी आणि तिची नणंद शेवटपर्यंत भांडत राहिल्या. नणंदेच्या मते बारशाला घुगऱ्यांपुरते वालही घरात नव्हते. आजी म्हणायची, होते, तिने स्वतः शिजवले होते.

पण घरातल्या सगळ्या खुणांहून मोठी खूण एकच होती. "रामदासच्या आधी" आणि "रामदासच्या मागून". विहीर रामदासच्या आधीची. पडवीचे कौल रामदासच्या मागून चढलेले. लहानपणी मला वाटायचं, रामदास हा आपल्याच घरातला कुणी थोर पुरुष असावा. ती बोट होती हे कळलं तेव्हा मी बराच मोठा झालो होतो.

१७ जुलै १९४७. वार गुरुवार. आषाढातली आवस. मुंबईत गिरण्यांत, गोदीत, पेढ्यांवर कामाला असलेली आमच्याकडची माणसं त्या दिवशी घरी यायला धडपडत. आवसेनंतर श्रावण, म्हणजे ताटातलं सारं बदलणार. त्याआधी कोंबडी, सुक्या सोड्यांचं कालवण, तांदळाची भाकरी असा पोटभर बेत. लोक या आवसेला आता हसून दुसऱ्या नावाने ओळखतात. आमच्या घरात मात्र ती 'दिव्यांची आवस'च राहिली. दुसरं नाव आजीसमोर कुणी उच्चारायचं नाही.

रामदास बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. जेमतेम दीड तासाचा प्रवास. आजोबांचे धाकटे भाऊ लालबागकडच्या एका गिरणीत साच्यावर होते. वय असेल पंचवीसच्या आसपास. आम्ही नातवंडं त्यांना धाकटे आजोबा म्हणायचो. ज्यांचे केस कधी पिकले नाहीत त्यांना आजोबा म्हणायचं, हे तेव्हा विचित्र वाटत नव्हतं. आता मी सत्तरीत आलो आणि ते तिथेच पंचविशीत उभे आहेत, तेव्हा मनात फार कालवाकालव होते.

त्या सकाळचं आजीचं वर्णन ठरलेलं होतं. "आभाल असं काला झालता, का दिस हाय का रात, कलंना." ती भाताच्या लावणीला शेतात होती, बांधावरून खाडी दिसायची, पण बोट काही दिसली नाही. काशाच्या खडकाजवळ वादळाने बोट एका अंगाला कलली, भिजू नये म्हणून आणि घाबरून माणसं एकाच बाजूला दाटली, वर मोठी लाट आली, आणि बोट उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला खबर लागायला दुपार उलटावी लागली. आमच्याकडचाच एक पोरगा तरंगत तरंगत पार गेटवेला जाऊन लागला, तेव्हा तिथल्या माणसांना कळलं. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते, त्यांनी भरलेली मासळी दर्यात ओतून दिली आणि होड्यांत माणसं घेतली. ही मासळीची गोष्ट सांगताना आजीचा आवाज नेहमी भरून यायचा. पावसाळ्यात एवढ्या हिकमतीने मिळालेली मासळी माणसाने दर्यात परत टाकणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.

रेवसच्या बंदरावर आजोबा दोन दिवस आणि दोन रात्री बसून होते. मग किनाऱ्याकिनाऱ्याने मांडव्यापर्यंत, पुढे किहीमपर्यंत चालत गेले. धाकटे आजोबा सापडले नाहीत. ते बोटीत चढले हे तरी नक्की कुणी पाहिलं होतं? त्यांच्या खोलीतला एक सोबती सांगायचा, पहाटे गिरणीतल्या कापडाच्या तुकड्यांचं बोचकं काखेत मारून ते निघाले. दुसरा म्हणायचा, नाही, त्यांची पाळी बदलली होती, ते दुसऱ्या दिवशी निघणार होते. मग दुसऱ्या दिवशी ते कुठे गेले, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. पण त्या एका "नाही"वर धाकटी आजी बारा वर्षं जगली.

धाकटी आजी तेव्हा पोटुशी होती. आवसेनंतर लगेच अधिक श्रावण लागला. सगळा महिना घरात चूल पेटायची ती पोरांपुरती. मासळी तर गणपती होईपर्यंत कुणी आणली नाही. दर्यावरची मासळी खायची कशी, असं सगळ्या गावालाच झालं होतं म्हणतात. त्यातच पंधरा ऑगस्ट आला. अलिबागला मोठी रोषणाई झाली, गावातली पोरं चालत बघायला गेली. वडील तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. त्यांनाही जायचं होतं. आजोबांनी अडवलं नाही. उलट स्वतः दोन आणे दिले आणि म्हणाले, "जा, बघून ये, असा दिस परत येनार नाय." वडील सांगायचे, मी गेलो, दिवे बघितले, पण घरी आल्यावर काय बघितलं ते कुणाला सांगवेना, कुणी विचारलंही नाही. पुढे आयुष्यभर पंधरा ऑगस्टला ते न चुकता झेंडावंदनाला जायचे, पांढरा सदरा घालून, आणि घरी येऊन तासभर गप्प बसायचे. मला वाटतं, त्या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींपासून कधी सुट्या झाल्याच नाहीत.

दिवाळीनंतर धाकट्या आजीला मुलगा झाला. तो माझा काका.

धाकट्या आजीने कुंकू पुसलं नाही. ज्याचं काही सापडलं नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची, अशी रीत. ती तिने अक्षरशः पाळली. आणि दर आषाढी आवसेला आमच्याकडे जे व्हायचं ते दुसऱ्या कुणाच्या घरी मी पाहिलेलं नाही.

सकाळपासून दिवे काढायचे. समई, निरांजनं, पाट्यामागे ठेवलेली चिमणी, पडवीतला कंदील. पितळेला चिंच आणि राख, काचेला नुसती राख आणि जुनं मऊ धोतर. आम्हा पोरांच्या हातांना दोन दिवस चिंचेचा वास यायचा. दुपारी आजी कणिक भिजवायची. गुळाचं पाणी कोमट हवं, कणिक घट्ट हवी, नाहीतर दिवा वाफेवर बसतो. त्या कणकेत ती तांदळाचं पीठ चमचाभर घालायची, ते तिच्या माहेरचं, थळकडचं. असे दिवे चाळणीत ठेवून उकडायचे. संध्याकाळी पाटावर सगळे धुतलेले दिवे मांडून पूजा, आणि मग ते गरम गोड दिवे तुपात बुडवून खायचे. तूप दिव्याच्या खळग्यातच ओतायचं, वाटीत नाही. वाटीत घेऊन खाणाऱ्याला आजी हात लावू द्यायची नाही.

सगळ्यांचे वाटे झाले की दोन दिवे बाजूला निघायचे. ते धाकट्या आजोबांचे. पानावर वाढायचे नाहीत, कारण पान मांडलं तर माणूस गेला असं मानल्यासारखं होतं. ते शिंक्यात ठेवायचे. रात्री-अपरात्री माणूस आला तर भुकेला येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आजी ते काढायची आणि काकाच्या हातावर ठेवायची. "तुज्या बापाचा वाटा." काका ते उंबऱ्यावर बसून खायचा. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा, कारण आमच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी काही नसायचं.

१९५९ साली आवस ऑगस्टच्या सुरुवातीला आली. तेव्हा मी खूप लहान होतो, आणि त्या दिवसातलं मी डोळ्यांनी काय पाहिलं आणि मागून काय ऐकलं, हे मला आज वेगळं करता येत नाही. पळसाच्या पानांचा पुतळा मला आठवतो. भटजींचं भिजलेलं उपरणं आठवतं. काकाचं डोकं भादरलेलं आठवतं, आणि तो माझ्याकडे बघून लाजल्यासारखा हसला तेही. धाकट्या आजीचा चेहरा मात्र काही केल्या आठवत नाही. आजी सांगायची, ती रडली नाही. विधी झाल्यावर तिने आत जाऊन स्वतःच कणिक भिजवली. आणि त्या संध्याकाळी ते दोन दिवे पहिल्यांदा शिंक्यात गेले नाहीत. केळीच्या पानावर वाढले गेले, बाहेर, कावळ्यासाठी. पावसात कावळा कुठला यायला? बराच वेळ सगळे पडवीत उभे होते. शेवटी धाकटी आजीच म्हणाली, "राव दे, पोराला द्या. तोच खातो दरसाल." काकाने खाल्ले.

धाकट्या आजीचं पुढचं आयुष्य तसं कुणाला दिसेल असं नव्हतं, पण मला ते फार मोठं वाटतं. नवऱ्याची पोस्टकार्डं तिच्याकडे होती. ती येत तेव्हा शाळेचे मास्तर वाचून दाखवत, आणि मास्तरांसमोर ऐकायचं म्हणून ती अर्धं ऐकून लाजून आत पळायची. काका शाळेत गेला तशी तीही त्याच्या अंकलिपीवरून अक्षरं गिरवू लागली. मिठागरावर दिवसभर काम करून आल्यावर चिमणीच्या उजेडात. दोनेक वर्षांनी ती पत्रं तिने स्वतः वाचली. त्यांत काय होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

घरातही काही गोष्टी कायमच्या बदलल्या. आमच्यातलं कुणी पुढे कितीतरी वर्षं पावसाळ्यात धक्क्यावरून आलं नाही. पेणवरून यायचं, धरमतरच्या खाडीवर पूल होईपर्यंत तिथेही तर ओलांडावी लागे, दिवस मोडायचा, पण आजोबांचा हुकूम होता. जुनी माणसं १९२७ सालची आठवण काढायची. त्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. संतांची नावं असलेल्या बोटी का बुडाव्यात, असं मी एकदा आजीला विचारलं. ती म्हणाली, "नाव मानसांनी ठेवलेला असतंय, बाला. दर्याला वाचता येत नाय."

काका मोठा होऊन गिरणीतच गेला, बापाच्याच जागी म्हणा ना. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्याचा साचा बंद पडला तो कायमचा. तो गावी परत आला. त्यालाही एक तारीख मिळाली, पण तिचं तो कधी काही करत नाही.

वर्तमानपत्रात रामदासची आठवण १७ जुलैला छापून येते. घरातली आवस मात्र चंद्राची. कधी जुलैच्या मध्याला, कधी ऑगस्टात. धाकट्या आजीला याचा त्रास व्हायचा. "त्यांचा दिस दोनदा येतो," म्हणायची, एकदा कागदावर आणि एकदा घरात. मला पंचांग चाळायची सवय आहे. त्यात एक गोष्ट हाती लागली. दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख परत भेटतात. १९६६ साली १७ जुलैलाच आवस होती. १९८५ साली तशीच, २००४ साली तशीच. १९८५ ला मी हे धाकट्या आजीला सांगितलं. ती तेव्हा साठीत होती. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "मग यंदा एकदाच रडायचं." आणि खरंच, त्या वर्षी ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली.

२००४ ला ती नव्हती. आजीही नव्हती. तेव्हा दिवे कुणी केले, तेही नीट आठवत नाही. बहुधा बायकोने, आणि गूळ जास्त झाला होता.

२०२३ ला पुन्हा १७ जुलै आणि पुन्हा आवस, आणि सत्तेचाळीस सालासारखाच मागोमाग अधिक श्रावण. घरातले सगळे आले. माझी पुतणी तिची गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरली, तासाभरात. पावसात, पाण्यावरून. काका तेव्हा पंचाहत्तरीचा. तिला घ्यायला धक्क्यावर जायचं म्हणून तो सकाळी सहालाच तयार होऊन बसला होता, आणि ती उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने समई स्वतः घासली, चिंचेने. पुतणीने कणिक भिजवली, मी शेजारी बसून पाणी कोमट ठेवायला सांगत होतो. चमचाभर तांदळाचं पीठ घालायचं हे मीच विसरलो होतो, काकाने आठवण केली. दोन दिवे बाजूला काढले. पान मांडायचं की नको, यावर थोडा वाद झाला. घरातली तरुण मंडळी म्हणाली, आता कावळ्याचं काय करायचं. काका म्हणाला, सरळ ताटलीत झाकून ठेवा, सकाळी मी खातो.

रात्री पुतणीने फोनवर पुढची जुळणी काढली. १७ जुलै २०४२. आवस. आणि वार बघितला तर गुरुवार, १९४७ सालचाच. काकाने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग तो तिला गुळाचं माप सांगत बसला, किती वाट्या कणकेला किती, आणि ती ते त्या तारखेखालीच लिहून घेत होती.