नाळ कधी बांधायची?

बाळ जन्मलं तरी त्याचं सगळं रक्त त्याच्यासोबत बाहेर आलेलं नसतं. जवळपास एक तृतीयांश रक्त त्या क्षणी वारेतच असतं. नाळ अजून धडधडत असते आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत पूर्ण दिवसांच्या बाळाला तिच्यातून 80 ते 100 मिलिलिटर रक्त मिळू शकतं. किरकोळ वाटतं ना? पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास!

नाळ घाईने बांधणं बाळाला घातक आहे, असं चार्ल्स डार्विनचे डॉक्टर आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी लिहून ठेवलं होतं. मोजमाप मात्र 1875 मध्ये पॅरिसच्या पिएर ब्युदँ यांनी केलं. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच होतं, नाळ कोणत्या क्षणी बांधावी? काही बाळंतपणांत त्यांनी नाळ लगेच बांधली, काहींत थांबून. आणि दर वेळी वारेकडच्या टोकातून येणारं रक्त मोजलं. लगेच बांधली की वारेत सरासरी नव्वदेक मिलिलिटर जास्त उरायचं. बाळाला सुईही न टोचता उत्तर मिळालं. मला ही युक्ती फार आवडते.

मग विसाव्या शतकात दवाखान्यांत लगेच चिमटा लावायची सवय कशी रुजली? 1935 मध्ये एर्गोमेट्रिन सापडलं, नंतर कृत्रिम ऑक्सिटोसिन आलं. बाळंतिणीचा रक्तस्राव रोखण्यासाठी जी पद्धत बसली, तिच्यात इंजेक्शन द्या, नाळ लगेच कापा आणि ओढून वार काढा, असं तिन्ही एकत्र होतं. इंजेक्शनने खरंच जीव वाचले, आणि त्या पुण्याईवर घाईने कापणंही खपून गेलं. पुढे वेगवेगळं तपासल्यावर दिसलं की नाळ उशिरा बांधल्याने आईचा रक्तस्राव वाढत नाही.

बाळाचं नुकसान मात्र होत होतं. या रक्तातलं लोह बाळाला काही महिने पुरतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या 400 बाळांच्या चाचणीत, चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता 10 सेकंदांच्या आत नाळ बांधलेल्या गटात 5.7 टक्के निघाली, तर तीन मिनिटं थांबलेल्या गटात 0.6 टक्के. (काविळीसाठी दिव्याखाली ठेवावं लागण्याचं प्रमाण उशिरा बांधल्यावर थोडं वाढतं असं इतर चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसतं, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.) जागतिक आरोग्य संघटना आता किमान एक मिनिट थांबायला सांगते. भारतात 2018 च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही हे आहे, आणि आपल्याकडे पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना ॲनिमिया आहे.

अडतं ते न रडणाऱ्या बाळापाशी. त्याला श्वास द्यायला टेबलावर न्यायचं, तर नाळ कापावीच लागते. म्हणून काही ठिकाणी आता ते टेबलच आईच्या खाटेला लावून बघताहेत.