पाणवठा, शहर आणि हौशी कॅमेरा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्याकडे दफ्तरें, बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि नाणीं हीं प्रथम डोळ्यांपुढें येतात. छायाचित्रास या पंक्तींत पाट मिळतो तो अगदीं शेवटीं, आणि तोही ग्रंथाची शोभा वाढविणारा पाहुणा म्हणून. त्यांतही मान असतो तो एखाद्या थोर पुरुषाच्या चित्राचा, नाहीं तर एखाद्या प्रसिद्ध वास्तूच्या चित्राचा. कोणा हौशी माणसानें सुटीच्या सकाळीं तळ्याच्या काठीं उभें राहून, केवळ तेथील ऊन आवडलें म्हणून काढलेलें चित्र हें इतिहासाचें साधन आहे, असें म्हटल्यास विद्वान् मंडळी हंसतील. प्रस्तुत लेखांत याच उपेक्षित चित्राची बाजू मांडावयाची आहे. लेखक स्वतः बरींच वर्षें सोलापुरांत हा छंद करीत आला आहे. तेव्हां तो या वादांत अगदीं त्रयस्थ नाहीं, एवढें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावें.

छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती इ. स. १८३९ मध्यें. तिच्या आद्य प्रवर्तकांपैकीं दागेर यानें त्याच्या आदल्या वर्षीं पॅरिसमधील एका हमरस्त्याचें चित्र घेतलें होतें. रस्ता वर्दळीचा होता. गाड्या, घोडे, माणसें यांची तेथें रीघ असली पाहिजे. परंतु चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत असल्यामुळें जें जें हलत होतें तें तें सर्व पुसलें गेलें, आणि सगळ्या रस्त्यांत एक गृहस्थ तेवढा उरला. तो उरला याचें कारण हें कीं, तो जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठीं एका जागीं उभा होता. या एका चित्रांत छायाचित्राच्या इतिहासाचें पुढील अर्धशतक जणुं सूत्ररूपानें आलें आहे. जें स्थिर तें टिकलें, जें चंचल तें गेलें. देवळें, किल्ले, घुमट हे कॅमेऱ्यापुढें निश्चल उभे राहिले. पाण्यावर आलेला माणूस मात्र धुक्यासारखा विरून गेला, आणि पाण्याच्या लाटाही त्याच्याबरोबर धुकें झाल्या.

आपल्या इलाख्यांत ही विद्या फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्यें स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनीं निघाल्या. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन संस्थेंत या विषयाचे वर्गही सुरू झाले. सोसायटींत केवळ साहेब लोकच होते असें नव्हे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे व्यवसायानें वैद्य, परंतु छायाचित्रणांत त्यांनीं नांव मिळविलें आणि सोसायटीच्या कारभारांतही भाग घेतला. हरिचंद चिंतामण यांनीं याच सुमारास हा धंदा म्हणून पत्करला. १८५६ ते १८५८ या काळांत जॉन्सन व हेंडरसन या दोघांनीं मुंबईंत खऱ्या छायाचित्रांचें एक मासिक चालविलें. त्याच्या नांवांतच ‘हौशी’ या अर्थाचा शब्द होता. प्रत्येक अंकांत चित्रें चिकटविलेलीं असत. मुंबईचे रस्ते, तेथील इमारती, तेथील नाना जातींचे लोक हे त्यांचे विषय. मात्र त्या काळचा हौशी म्हणजे हातांत पैसा आणि पदरीं नोकर असलेला मनुष्य, हें विसरतां कामा नये. कांचेवर रसायनाचा थर द्यावा, तो ओला आहे तोंच चित्र घ्यावें, आणि लागलीच अंधाऱ्या तंबूंत शिरून तें धुवावें, असा सगळा खटाटोप होता. कांच वाळली कीं श्रम फुकट. दख्खनच्या उन्हाळ्यांत ती किती लवकर वाळत असेल, हें सोलापूरकरांस सांगावयास नको.

सरकारनें या विद्येचा उपयोग ओळखला, पण स्वतःच्या दृष्टीनें. १८५५ मध्यें मुंबई सरकारनें कॅप्टन बिग्ज यांस जुन्या वास्तूंचीं चित्रें घेण्यासाठीं नेमलें, आणि त्यांच्यामागून डॉ. पिगू यांनीं तें काम पुढें चालविलें. त्या चित्रांचा विजापूरच्या वास्तुकलेवरील मोठा ग्रंथ १८६६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील मजकूर मेडोज टेलर व फर्ग्युसन यांचा होता. सोलापुराहून विजापूर शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर. ज्या काळीं विजापुरास आगगाडी नव्हती, त्या काळीं सोलापुरास ती येऊन पोंचली होती. येथील स्टेशन १८६० चें. अर्थात् विजापूर पाहूं इच्छिणाऱ्या अनेकांना सोलापूर हें वाटेवरचें गांव होतें. पण वाटेवरच्या गांवाकडे कोण पाहतो? गोल घुमटाचें वैभव ज्यानें पाहावयाचें ठरविलें आहे त्याला येथील भुईकोट आणि त्यालगतचें तळें यांत थांबण्यासारखें कांहीं वाटत नसे. सरकारी कॅमेऱ्याला मेलेलीं राज्यें हवीं होतीं. जिवंत बाजारपेठ नको होती.

आणि तरी सोलापूरच्या पाणवठ्याइतकें इतिहासानें भरलेलें स्थळ या प्रांतांत थोडेंच असेल. बाराव्या शतकांत शिवयोगी सिद्धरामांनीं आपल्या अनुयायांकडून हें तळें खोदविलें असें परंपरा सांगते. बसवेश्वर व अल्लमप्रभु यांच्या मांदियाळींतील हा कन्नड वचनकार. त्याची वचनें कन्नडांत, त्याचें देऊळ पाण्याच्या मध्यें, आणि त्याच्या यात्रेंत मराठी, कन्नड व तेलुगु या तिन्ही भाषांचा गजर. लगतचा किल्ला बहामनी काळचा. पुढें निजामशाही व आदिलशाही यांच्या ओढाताणींत तो कितीदां तरी हातोहात फिरला, आणि चांदबिबीच्या लग्नांत आंदण म्हणून दिला गेला. १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोच्या फौजेनें तो पेशव्यांच्या लोकांकडून घेतला. त्यानंतर साठ वर्षांच्या आंत गांवाचें रूप पालटलें. १८७१ च्या सुमारास एकरूखचा विस्तीर्ण तलाव बांधून झाला. १८७७ मध्यें पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिलाच पुढें लोक ‘जुनी मिल’ म्हणूं लागले. गिरण्यांच्या धुराड्यांनीं देवळाच्या शिखराशेजारीं आकाशांत आपली जागा घेतली. एकाच पाण्यांत शिखर, बुरूज आणि धुराडें यांचीं प्रतिबिंबें पडावींत, हें दृश्य विजापुरास मिळण्यासारखें नव्हतें.

हें टिपावयास हौशी माणूस हवा होता, आणि त्याच्या हातीं सोपें यंत्र यावयास हवें होतें. कोरड्या कांचा निघाल्या. १८८८ मध्यें ईस्टमननें गुंडाळीच्या फिल्मचा कोडॅक विकावयास काढला. १९०० मध्यें त्याचा ‘ब्राउनी’ हा स्वस्त कॅमेरा आला. आतां क्षणाचा अंश पुरे होऊं लागला आणि चालतें माणूस चित्रांत राहूं लागलें. मुंबईंत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे आधीं छायाचित्रांचें दुकान चालवीत. १८९६ मध्यें वॉटसन हॉटेलांत चलच्चित्रें पाहून ते त्या नादीं लागले, आणि १९०१ मध्यें रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हांचें स्वागत त्यांनीं फिल्मवर घेतलें. चंचल जगाचा कॅमेऱ्यांत झालेला हा प्रवेशच होय.

परंतु यंत्र सुधारलें तरी डोळा सुधारतोच असें नाहीं. १९३० नंतर मुंबईंत हौशी छायाचित्रकारांच्या संस्था निघाल्या. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही १९३७ ची. या मंडळींनीं कलेची जी सेवा केली तीबद्दल कोणीही कृतज्ञ राहील. तथापि त्या काळच्या प्रदर्शनी चित्रकल्पनेचा एक दोषही होता. चित्र हें चित्रकाराच्या चित्रासारखें दिसावें, असा सगळा रोख. धुक्यांतील होडी, मावळता सूर्य, डोक्यावर घागर घेतलेली स्त्री; आणि खालीं नांव काय, तर ‘सायंकाळ’ किंवा ‘घरच्या वाटेवर’. कोणता गांव? कोणतें साल? त्या स्त्रीच्या घरीं नळ केव्हां आला? या प्रश्नांस उत्तर नाहीं. स्थळ आणि काळ हीं जणुं चित्रावरील धूळ आहेत, अशा समजुतीनें तीं झटकून टाकलेलीं असत. ही संवय अद्याप गेलेली नाहीं, हें आजचें कोणतेंही प्रदर्शन पाहिलें तर कळून येईल.

सुदैवानें कॅमेरा हा आपल्या मालकापेक्षां अधिक प्रामाणिक असतो. या कलेचा दुसरा प्रवर्तक टॅल्बट यानें १८४४ ते १८४६ या काळांत चित्रांसहित एक ग्रंथ काढला. त्यांत त्यानें एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे : चित्र घेतांना ज्याकडे आपलें लक्षही नव्हतें अशा वस्तु मागाहून चित्रांत सांपडतात, दूरच्या घड्याळाचा कांटादेखील चित्र कोणत्या वेळीं घेतलें तें सांगून जातो. माझ्या मतें हौशी छायाचित्राचें ऐतिहासिक मूल्य याच वाक्यांत आहे. चित्र घेणारा सूर्यास्त पाहत असतो. पण चित्रांत सूर्यास्ताबरोबर धोब्याचा दगड येतो, पाण्याची त्या वर्षींची पातळी येते, भिंतीवरची जाहिरात येते, मागचें धुराडें येतें. सूर्यास्त प्रत्यहीं होतो; तें धुराडें पुन्हां येत नाहीं.

सिद्धेश्वर तळ्याच्या काठीं पहांटे उभें राहणाऱ्यास याचा प्रत्यय वारंवार येतो. येथील ऊन कठोर. सकाळीं नवानंतर सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि पाणी पत्र्यासारखें चकाकूं लागतें. म्हणून जो तो पहिल्या तासाभरांत काम उरकतो. जानेवारींत संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आली कीं पांढऱ्या बाराबंद्या घातलेले मानकरी सात उंच नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या दिवशीं प्रत्येकाचा कॅमेरा नंदीध्वजाच्या टोंकाकडे लागलेला असतो. परंतु पन्नास वर्षांनीं अभ्यासक पाहील तें काठीचें टोंक नव्हे, तर तिच्याखालचा जमाव : कोणाच्या अंगावर काय आहे, स्त्रिया कोठें उभ्या आहेत, दुकानाच्या पाटीवर कोणत्या लिप्या आहेत. ज्या शहरानें १९३० च्या मे-जूनमध्यें लष्करी कायदा सोसला, आणि ज्याचे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांसावर गेले, त्या शहराचे साधे रस्ते, साधे चेहरे तेव्हां कसे होते, हें पाहावेंसें कोणास वाटणार नाहीं? त्या चौघांचीं नांवें चौकांत कोरलेलीं आहेत. ते ज्या रस्त्यांनीं चालले, त्या रस्त्यांचें रूप मात्र कोरून ठेवतां येत नाहीं. तें कोणीतरी सहज, विनाकारण टिपलेलें असावें लागतें.

पाण्याचा कांठ हा तर शहराचा सर्वांत अस्थिर भाग. मुंबईच्या किल्ल्याच्या तटभिंती १८६० नंतरच्या दशकांत पाडल्या गेल्या, समुद्र मागें हटवून जमीन केली गेली. आतां जुना किनारा पाहावयाचा तर त्यापूर्वींच्या चित्रांतच पाहावा लागतो. पंढरपुरीं चंद्रभागेच्या वाळवंटांतील पुंडलिकाचें देऊळ पुरांत बुडतें. तें कितपत बुडालें हें ज्या चित्रांत दिसतें तें भक्ताला जितकें प्रिय, तितकेंच पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यासही उपयोगी. १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें झालें आणि भीमेकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. कडक उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें, आणि कॅमेरे घेऊन लोक धांवतात. त्या उघड्या पडलेल्या देवळाचीं चित्रें आज विपुल आहेत. गांव नांदतें असतांना घांटावर कपडे धूत असलेल्या बायकांचें चित्र मात्र कोणाच्या पेटींत असलें तर असेल. आपण वस्तु गेल्यावर तिचें चित्र घेण्यास धांवतों. ती आहे तोंवर ती चित्रास योग्य वाटत नाहीं. येथील एका साखर कारखान्याचें उंच धुराडें विमानतळासाठीं जून २०२३ मध्यें पाडलें, तेव्हां तें कोसळतांना शेंकडों मोबाइलांनीं टिपलें. तें उभें असतांना त्याच्या छायेंतील कामगारांचें चित्र किती जणांनीं घेतलें?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, छायाचित्रही खोटें बोलतें. चौकटीबाहेर काय ठेवलें हें तें सांगत नाहीं. हें सर्वथैव खरें आहे. पण बखरकार तरी काय ठेवतो आणि काय गाळतो? साधन पारखून घ्यावें, टाकून देऊं नये, हाच इतिहासाचा दंडक. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाणवठा हें स्नानाचें व धुण्याचें ठिकाण. तेथें परक्यानें कॅमेरा रोखणें शिष्टपणाचें आहे काय? इतिहासाच्या नांवाखालीं कोणाच्याही लाजेचा भंग करण्याचा परवाना हौशी माणसास मिळत नाहीं. ज्यास आपण विचारूं शकतों त्यास विचारावें; ज्यानें मान वळविली त्यास सोडून द्यावें. असें केल्यानें कांहीं चित्रें हातचीं जातील. जाऊं द्यावींत. जीं राहतील त्यांत निदान कोणाचा अपमान साठविलेला नसेल.

विलायतेंत सर बेंजामिन स्टोन या गृहस्थानें १८९७ मध्यें हौशी लोकांचीच एक संस्था काढून गांवोगांवच्या वास्तु, चाली व उत्सव यांचीं चित्रें जमविलीं आणि तीं ब्रिटिश म्यूझियमच्या स्वाधीन केलीं. ज्या एका नियमानें त्या कामास किंमत आली तो अगदीं साधा होता : चित्रामागें स्थळ व तारीख लिहावयाची. आपल्याकडे एवढेंही होत नाहीं. वाडे पाडले जातात तेव्हां ट्रंकांतील जुने फोटो रद्दींत जातात, कारण त्यांत कोण आहे व कोठें आहे हें सांगणारें माणूस आधींच गेलेलें असतें. मोबाइलांतील हजारों चित्रांची गत याहून बरी होईल असें मानण्यास आधार नाहीं. तीं रद्दीवाल्याच्याही हातीं लागणार नाहींत. शहरांतील प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें एक कपाट या कामीं द्यावें, आणि प्रत्येक हौशी माणसानें वर्षाकांठीं आपलीं दहा चित्रें कागदावर उतरवून, त्यांमागें गांव, कांठ, दिशा व तारीख लिहून तेथें ठेवावींत. सुंदर चित्रें निवडण्याची गरज नाहीं. सुंदर चित्रांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. ज्या चित्रांत नुसतें पाणी, पायऱ्या आणि कामाला निघालेलीं माणसें आहेत, त्यांचीच पाठ प्रथम पेन्सिलीनें भरावी.